हार घातलेली मोतीकाकी

नामाच्या टेंपोतून त्या दिवशी उतरलेलं सामान बघून पळसदरीतल्या निम्म्या आळीला वाटलं, की नामाची पोर हर्षला आता भंगाराचं दुकान काढणार. माथेरानला एका जुन्या हॉटेलाचं नूतनीकरण चाललं होतं आणि तिथल्या भिंतींवरच्या लाकडी फ्रेमा मालकाला नकोशा झाल्या होत्या. वर गाड्यांना बंदी, म्हणून त्या दस्तुरी नाक्यापर्यंत घोड्यांवरून आल्या आणि तिथून घाट उतरून नामाच्या टेंपोतून गावात. सागवानी, कोरीव, वेलबुट्टीच्या. कुठे सोनेरी मुलामा उडालेला, कुठे कोपरा वाळवीनं खाल्लेला. एक तर लंबगोल होती आणि तिच्या डोक्यावर लाकडाचंच टपोरं फूल होतं. आतली चित्रं साहेबाच्या कुत्र्यांची आणि शिकारीची, पण डोंगरावरच्या ओलीनं ती पार बुरसटून गेली होती.

"एकपन फुटली नाय बघ," नामा टेंपोचा फाळका लावत म्हणाला. "घोडेवाल्यानं अंड्यागत आनल्यात. पन ह्यात तू घालनार काय?"

"माणसं," हर्षला म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता, की नामानं पुढे काही विचारलंच नाही.

हर्षला कर्जतच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मुंबईत कलेचं शिक्षण घेऊन ती परत गावी आली होती, आणि आल्यापासून तिच्या डोक्यात एकच खूळ होतं: कोळशाची चित्रं. विकतच्या कांड्या तिला आवडत नसत. जांभळीच्या बारीक काटक्या पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करून ती चुलीतल्या निखाऱ्यांत पुरायची आणि निवल्यावर डबा उघडायची. मग काय, बोटं काळी, नाक काळं, भिंतीवरच्या बटणाभोवती काळं. आई ओरडायची आणि पुसून काढायची. आता हर्षलाला गावातल्या माणसांची चित्रं काढायची होती, आणि मुंबईला नाही, गावातच, समाजमंदिराच्या भिंतींवर लावायची होती. भात झोडून झालं होतं, थंडी पडली होती, धरणावर शनिवार-रविवारी पाहुणे यायला लागले होते. याहून चांगला वेळ कुठला?

सगळ्यांत पहिल्यांदा ती लडकूआजाकडे गेली. म्हातारा मोठ्या हौसेनं ओटीवर टोपी नीट करून बसला. हर्षलानं त्याला धीर यावा म्हणून फ्रेम पण सोबत नेली होती. "ह्यात तुमचं चित्र बसणार, आजा."

लडकूआजानं फ्रेमकडे बघितलं, हर्षलाच्या हातातल्या कोळशाकडे बघितलं आणि तो ताडकन उठला.

"पोरी, मी जित्ता हाय गं!"

हर्षलाच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. गावात भिंतीवर, चौकटीत, काळ्या-पांढऱ्या रंगात, एकटं माणूस कधी टांगतात? ते गेल्यावर. चित्रकलेची एवढी वर्षं घासली, पण ही साधी गोष्ट तिच्या मनात आली नव्हती. त्या आठवड्यात ती दारोदार फिरली आणि दारोदार तेच. कुणी हसून टाळलं, कुणी देवाचं नाव घेतलं. कबड्डी गाजवलेला दांडगा योगेंद्रसुद्धा म्हणाला, "रंगीत काढ, मग बघू." शेवटी तिनं बापाला गळ घातली, तर नामा म्हणाला, "माझं काढलंस तर तुझी आय मला घरात घेनार नाय. तिला आधीच वाटतं मी घाटात गाडी जोरात हाकतो."

ती दोन दिवस फुगून बसली. मग एका संध्याकाळी तिनं लडकूआजाला रस्त्यानं जाताना पाठमोरं पाहिलं. सदऱ्याच्या कॉलरीत मागून छत्री अडकवलेली, दोन्ही हात मोकळे, पाठ जराशी उजवीकडे कललेली. तोंड दिसायची गरजच काय? अख्ख्या तालुक्यात असा दुसरा माणूस नव्हता. घरी येऊन तिनं एका दमात तेवढंच काढलं: कॉलर, छत्री आणि ती कललेली पाठ.

तिथून गाडी सुटली. योगेंद्रची दोन धुळकट पावलं आणि त्यांच्यापुढे आखलेली रेघ. नामाचे स्टिअरिंगवरचे दोन हात, पुढच्या काचेत वळणावळणाचा घाट, आणि आरशाला बांधलेला लिंबू-मिरचीचा दोरा. चेहरा कुणाचाच नाही, पण माणूस पुरेपूर. लोकांना यात अपशकून दिसेना. उलट गंमत वाटायला लागली. "हा कोन?" "अरं, हा नामा, दुसरा कोन!" संध्याकाळी हर्षलाच्या ओटीवर ओळखाओळखीचा खेळच रंगायचा.

आणि मग आली मोतीबाई, जिला सगळा गाव मोतीकाकी म्हणायचा.

मोतीकाकी पलीकडच्या घरात राहायची. तिचा मुलगा राजेश भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला, सून संजना घरचं आणि अंगणातली फुलझाडं बघायची. काकीचा आवाज असा, की ती अंगणात बोलली तर धरणावरचे पाहुणे वळून बघत. हर्षलानं तिच्यासाठी एक सूप काढलं होतं, पाखडताना वर उडालेल्या दाण्यांसकट. चित्र खरंच देखणं झालं होतं. काकीनं ते हातभर लांब धरून पाहिलं, मग जवळ घेऊन पाहिलं.

"ह्ये काय?"

"तू आहेस, काकी."

"मी सूप हाय?"

"म्हणजे तसं नाही गं. प्रतीक आहे ते. तुझं पाखडणं, तुझं..."

"हे सूप तर हिरूच्या घरी पन हाय. मग ही हिरू नसल कशावरनं?" काकीनं चित्र परत दिलं. "माझं तोंड काढ. सगलं तोंड. आनि ती फुलवाली चौकट मला."

हर्षलाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "काकी, लोक म्हणतात, जिवंतपणी फ्रेममध्ये..."

"लोकांचं सोड. आमच्या घरात ह्यांचा फोटो बघितलास ना?"

बघितला होता. काकीचा नवरा गेला तेव्हा घरात त्याचा धड एक फोटो नव्हता. शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून आणला. त्यात तो बिचारा असा दचकून बघत होता, की कुणी मागून टाचणी टोचली असावी.

"जल्मभर हसरा मानूस," काकी म्हणाली, "आनि भिंतीवर बसलाय चोरावानी. माझं तसं नको व्हायला. मी गेल्यावर पोरं घाईघाईत कायबी लावतील. मला कसं दिसायचं, ते मला ठरवायचं हाय. आनि बघायचं पन हाय. मेल्यावर कोन बघनार?"

राजेशला हे कळलं तेव्हा तो हातातला डबा तसाच धरून उभा राहिला. "आये, लोक मला काय म्हनतील? जित्त्या आईला चौकटीत घातली म्हनून?"

"त्यांना म्हन, आई बसली आपल्या पायानं," काकी म्हणाली. संजना आत जाऊन पदरात तोंड खुपसून हसली. मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "काढू दे ना त्यांना. तुमचं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मोतीकाकी हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल चोपडून हर्षलाच्या ओटीवर बसली. बसली म्हणजे नावापुरती. घडीघडी मान वळवायची, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, मांजराला हाकलायची. हर्षला तिला गप्प करायला गेली नाही, कारण बोलताना काकीचं तोंड खरं दिसायचं. तिनं फक्त विचारलं, "लहानपणी कशी होतीस गं तू?"

मग काकी माहेरात शिरली. माहेर खालापूरच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी. आई-बाप रानात गेले, की धाकट्या भावाला सांभाळायचं काम हिचं. "बुधा माझ्या कडेवर. मी येवढीशी, तो येवढा जड. नदी पार करताना माझी येनी असा धरायचा घट्ट, मुठीत. वाटायचं, केस उपटून हातात येतील. पलीकडं गेल्यावर पन सोडायचा नाय. झोपला तरी मूठ तशीच."

काकी हसली, आणि हसता हसता थांबली. रस्त्यानं कुणीतरी गेलं, तिनं हाक मारली नाही.

हर्षलाला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. राजेशच्या लग्नात नवरदेवाच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, आणि बुधाजीची गाडी वाटेत चौक गावाजवळ बंद पडली. मुहूर्त निघून चालला म्हणून दुसऱ्याच कुणाला मामा म्हणून उभं केलं. बुधाजी घामाघूम होऊन पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. तो मांडवाच्या दारातूनच आहेर हातात घेऊन मागे फिरला, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. "दोन मिंटं थांबायला काय झालं हुतं?" एवढंच म्हणाला. तेव्हापासून दहा-बारा वर्षं बहीण-भावाचं बोलणं नव्हतं. त्यानं बोलावलं नाही, हिनं विचारलं नाही.

चित्र पुरं व्हायला आठवडा लागला. हर्षलानं काकीचं तोंड काढलं तसंच, सुरकुत्यांसकट, काहीतरी बोलायला उघडलेलं. केस तिनं कोळशानं दाट काळे केले, आणि खांद्यावरून पुढे आलेल्या वेणीच्या शेवटी एक लहान मूठ काढली. बाळाची. फक्त मूठ, मनगटाच्या मागे काळोख.

काकीनं चित्र पाहिलं आणि त्या मुठीजवळ बोट नेलं. हर्षला घाबरली. "आवडलं नसेल तर तो हात पुसते मी, काकी."

"पुसलास तर डाग पडंल," काकी म्हणाली. तिनं पदरानं नाक पुसलं. "र्‍हाऊ दे."

रविवारी समाजमंदिर फुलून गेलं. गावातली माणसं तर होतीच, पण धरणावरचे पाहुणे पण पाटी बघून आत वळले. लडकूआजा आपल्या छत्रीच्या चित्रासमोर छत्री अडकवून पाठमोरा उभा होता आणि लोक त्याचे फोटो काढत होते. मधल्या भिंतीवर, लाकडी फुलाच्या फ्रेममध्ये, मोतीकाकी. खाली खुर्ची टाकून खरी मोतीकाकी. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "ती मीच."

तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. दहाच्या सुमारास ती घरी गेली आणि अंगणातल्या झेंडूचा भरगच्च हार करून घेऊन आली.

"काकी, नको गं!" हर्षला धावली. "हार घातला की मग..."

"का? हार काय फक्त मेलेल्यांना आनि मंत्र्यांना असतो? लग्नात घातला हुता की मला." आणि तिनं खुर्चीवर चढून स्वतःच्या हातानं स्वतःच्या चित्राला हार घातला. राजेशनं डोळे मिटून घेतले. संजनानं खुर्ची धरून ठेवली.

गावातल्या साईनाथला हे भलतंच आवडलं. साईनाथचं कर्जतला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ काहीतरी टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं हारासकट चित्राचा झकास फोटो काढला. समाजमंदिरात रेंज नव्हती, म्हणून तो रस्त्यापर्यंत चालत गेला, फोटो टाकला, खाली लिहिलं, "आपली मोतीकाकी," आणि कौतुकानं पुढे जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं. मग भजी खाल्ली आणि परत आत येऊन बसला.

ते जोडलेले हातच भोवले. तिकडे चौक गावापासून खालापूरपर्यंत फोन वाजायला लागले. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'देव आत्म्यास शांती देवो.' 'माऊली गेली.' राजेशला फोन लावावा तर लागत नाही, संजनाला लावावा तर लागत नाही. मयताच्या घरी फोन कोण उचलणार, असं म्हणून लोकांनी आपापली समजूत करून घेतली.

दुपारी समाजमंदिराच्या दारात एक टमटम येऊन थांबली. तिच्यातून पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा उतरला, मागून त्याची बायको आणि आणखी दोन-तीन बायका. दारातूनच त्याला समोरच्या भिंतीवरचं हार घातलेलं चित्र दिसलं आणि तो जागच्या जागी मटकन बसला.

"बाये गं!" त्यानं हंबरडा फोडला. "मला न सांगता गेलीस गं, बाये!"

मागच्या बायकांनी सूर धरला. मुंबईच्या एका पाहुण्यानं डोक्यावरची टोपी काढली. तो बुधाजी असावा हे हर्षलानं ओळखलं, आणि मोतीकाकी तेव्हा मागच्या बाजूला भजी खात होती.

रडणं ऐकून काकी लगबगीनं पुढे आली. गावात कुणाकडेही मयत झालं की पहिली जाऊन बसणारी बाई ती. तिनं भाऊ ओळखला, पण एवढा रडतोय म्हटल्यावर बाकी सगळं ती विसरली. ती धपकन त्याच्याजवळ बसली, त्याला कवेत घेतलं, आणि कोण गेलं हे विचारायच्या आधी तिचेच डोळे वाहायला लागले. "उगी, बुधा, उगी रं! काय झालं माझ्या भावाला!" दोघंही गळ्यात गळा घालून रडत होती. बराच वेळ रडल्यावर काकीनं नाक शिंकरत विचारलं, "कोन गेलं रं?"

"तू!" बुधाजी हुंदका देत म्हणाला.

मग त्यानं वर पाहिलं.

मागच्या बायकांपैकी एक किंचाळली. बुधाजीनं काकीचा दंड चाचपला, गाल चाचपला. "तू जित्ती हाय?"

"हाय की."

"मग ह्यो हार?"

"मी घातला."

लडकूआजाच्या नाकातून फुर्र असा आवाज आला. त्यानंतर कुणाला आवरेना. साईनाथ मात्र भिंतीला चिकटून दाराकडे सरकत होता. बुधाजी उठला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. "थट्टा करता? म्हाताऱ्या मानसाची थट्टा? घरून न जेवता निघालो मी! चल गं," तो बायकोला म्हणाला, आणि दाराकडे वळला.

हसू थांबलं. काकी जमिनीवरच बसून होती. हर्षला पुढे झाली.

"मामा," ती म्हणाली, "चूक माझी आहे. चित्र मी काढलंय. रागावा, पण एकदा जवळून बघून जा."

तो काकीसाठी थांबला नसता, पण पोरीच्या शब्दासाठी थांबला. कपाळाला आठ्या घालून चित्रासमोर गेला. हारामुळे खालचा भाग झाकला गेला होता. हर्षलानं हार जरा बाजूला केला. वेणी दिसली, वेणीच्या टोकाला मूठ दिसली.

बुधाजी बघत राहिला.

"ही मूठ..."

"काकीनं सांगितलं मला. नदी पार करताना कुणीतरी धरायचं म्हणे. झोपला तरी सोडायचं नाही."

त्यानं आपला हात वर केला, चित्राला लावायला गेला, आणि काच आहे हे लक्षात येऊन तसाच धरला. मोठा, राकट, शेतकरी हात. मागून काकीचा आवाज आला, बारीक, तिचा नव्हेच असा.

"दोन मिंटं थांबायला पायजे हुतं रं आमी, बुधा."

बुधाजीनं वळून बघितलं नाही. हात खाली घेत म्हणाला, "गाडी पन जुनीच हुती. ही नको म्हनत असताना मीच आनली." आणि मग, "जेवायला काय केलंय?"

जेवायला काहीच केलं नव्हतं, पण तो प्रश्न उरला नाही. दुपारभर नातेवाईक येत राहिले, आणि मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून प्रत्येकजण पिठलं-भाकरी, भात-आमटी बांधून आणत होता. येणारा प्रत्येकजण दारात रडायला तोंड उघडायचा आणि काकी आतून ओरडायची, "रडू नका, जेवायला बसा!" साईनाथला गावच्या पाण्याच्या टाकीवर चढवून बसवला होता. तिथे रेंज येत असे. तो एकेकाला फोन करून सांगत होता, "काकी बरी हाय. हो, हो, बोलती. लय बोलती." संध्याकाळी योगेंद्रनं शेतात वालाच्या शेंगा मडक्यात भरून जाळावर पोपटी लावली, आणि मडक्याभोवती अख्खा गोतावळा गोळा झाला. राजेश मामाच्या शेजारी बसला होता. मामानं खिशात जे काही होतं ते काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "लग्नाचा आहेर. उशीर झाला."

चित्र कुठे लावायचं यावरून मात्र खडाजंगी झाली. काकीला ते आपल्या घरात हवं होतं, राजेश जाता-येता आईला चौकटीत बघायला तयार नव्हता, आणि बुधाजी म्हणत होता, माहेरी. शेवटी काकीनंच निकाल दिला. "माहेरी जाऊ दे. पन भिंत मी दाखवनार."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नामाचा टेंपो खालापूरच्या दिशेनं निघाला. पुढे नामा, मधे मांडीवर चित्र घेऊन मोतीकाकी, कडेला हर्षला. काकी वाटेतलं एकूणएक झाड आणि वळण ओळखत होती, आणि जे बदललं होतं त्याला नावं ठेवत होती. नदी दिसली तेव्हा तिनं टेंपो थांबवायला लावला, खाली न उतरता नुसतं पाहिलं, आणि म्हणाली, "चल."

बुधाजीच्या नव्या सिमेंटच्या घरात खिळा काही केल्या शिरेना. दोन वाकले, एक उडून पाण्याच्या हंड्यात पडला. काकी खाटेवर बसून हुकूम सोडत होती. "वर. जरा खाली. नाय नाय, खिडकीकडं. मला रस्ता दिसला पायजे."

"बाये," बुधाजी हातोडी खाली ठेवून म्हणाला, "तुला कशाला रस्ता? तू तर बसलीयस हितं."

"आता बसलीय. चार दिसांनी जाईन ना घरी."

"बरं, बरं," तो म्हणाला आणि नवा खिळा शोधायला आत गेला. त्याची बायको हर्षलाच्या कानाशी लागली. "पोरी, माझं पन काढशील? पन तोंड नको हां. माझे हे हात काढ. हेच लय राबल्यात."

हर्षलानं पिशवीतून कागद आणि कोळसा काढला. आतून बुधाजी ओरडून विचारत होता, की हातोडी कुठे ठेवली, आणि मोतीकाकी त्याहून मोठ्यानं ओरडून सांगत होती, की तुझ्या पायाशीच हाय, आंधळ्या.